दोन बाटल्या आणि एक उंदीर

आगाशीच्या आमच्या घरी उंदरांसाठी पिंजरा लावायचं काम बाबांचं. सुक्या खोबऱ्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ते आधी गरम तव्यावर धरायचे. कडा तांबूस झाल्या, तेल सुटून वास दरवळला, की तो आकड्याला टोचायचे आणि पिंजरा तांदळाच्या पिंपामागे सरकवून झोपायला जायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, खोबरंच कशाला, भाकरीचा तुकडा का नाही? बाबा म्हणाले, "तांदूळ, भाकरी त्याला बाहेर मोकळी मिळते. आत शिरायचं तर तेवढं कारण नको का त्याला?"

पुढे नोकरीची अकरा वर्षं मी हे कारणच मोजत होते. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागले. आगाशीहून विरार स्टेशन, तिथून लोकल, उतरल्यावर पुन्हा बस. जायला दोन तास, यायला दोन तास. घरी कोणी विचारलं की आई सांगायची, "ती उंदरांना खायला घालते." ते खरंच होतं. खायला घालायचं, किती खाल्लं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं.

आमचे उंदीर पांढरे नव्हते, काळे होते. सी५७ ब्लॅक ६ या वाणाचे. अमेरिकेत क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ साली हा वाण सुरू केला. सख्ख्या भावंडांचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करत आणलेली ही जात, त्यामुळे एका पिंजऱ्यातले पाचही उंदीर जनुकांच्या दृष्टीनं जवळपास जुळी भावंडं. जगभरातल्या प्रयोगशाळांत आज सगळ्यात जास्त हाच उंदीर सापडेल. अंगानं चपळ, स्वभावानं भित्रा, झाकण उघडलं की उडी मारणारा. एक विचित्र खोडही आहे त्याला: पिंजऱ्यातला एखादा बाकीच्यांच्या मिशा कुरतडून टाकतो. सकाळी पाहावं तर चार उंदीर बिनमिशांचे आणि एकाच्या मिशा शाबूत. कुरतडणारा कोण, हे मग वेगळं शोधावं लागत नाही.

आणि या वाणाला चरबी आवडते. पुढ्यात ठेवली तर तो ती खातो आणि फुगतो. आमच्या सरांचा प्रश्न त्याच्याही मागचा होता. आवडते म्हणजे नेमकं काय होतं? ती आवड असते कुठे, जिभेवर, नाकात, पोटात की जनुकात?

हे तपासायची जुनी, साधी पद्धत म्हणजे दोन बाटल्यांची चाचणी. एका पिंजऱ्यात एकच उंदीर. झाकणावर शेजारी-शेजारी दोन बाटल्या, दोन्हींच्या स्टीलच्या नळ्या आत उतरलेल्या. एकीत पाणी, दुसरीत तेलाचं पांढरं द्रावण. चोवीस तासांनी दोन्ही बाटल्यांचं वजन करायचं आणि कालच्या वजनातून वजा करायचं. ऐकायला इतकं सोपं, की पहिल्या दिवशी मला वाटलं, यासाठी पदवी कशाला हवी?

पदवी कशाला हवी ते पहिल्याच महिन्यात कळलं. उंदराला चवीइतकीच जागेची सवय लागते. एखादा कायम डाव्या नळीलाच तोंड लावतो, त्यात काहीही असो. म्हणून बाटल्यांच्या जागा रोज बदलायच्या, आज तेल डावीकडे तर उद्या उजवीकडे. मी दोन आठवडे बाटल्या बदलल्याच नाहीत. कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलेलं मी नीट ऐकलं नव्हतं. दोन आठवड्यांचे आकडे सरांनी शांतपणे लाल पेनानं खोडले आणि म्हणाले, "उंदरानं सांगितलं त्याला डावी बाजू आवडते. आपण तो प्रश्न विचारलाच नव्हता." ते पान मी अजून जपून ठेवलं आहे.

बाटलीला धक्का लागला तरी थेंब गळतो. ट्रॉली सरकवताना गळतो, कोणी दार आपटलं तरी गळतो. म्हणून मांडणीवर एक पिंजरा रिकामा ठेवायचा. उंदीर नाही, पण दोन्ही बाटल्या लावलेल्या. रोज त्यांचंही वजन करायचं. त्या पिंजऱ्यात जेवढं कमी झालं तेवढं सांडलं, आणि तेवढं सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायचं. हा रिकामा पिंजरा मला फार आवडायचा. खरं बोलण्यासाठी घेतलेली इतकी साधी काळजी मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिली नाही.

तेलाचं द्रावण सुरुवातीला आम्हीच मिक्सरमध्ये घोटून करायचो. रात्रीतून तेल वर यायचं आणि पाणी खाली राहायचं. नळी तळाला असल्यानं उंदीर रात्रभर पाणीच प्यायचा आणि आम्ही वहीत लिहायचो, तेल आवडलं नाही. शेवटी रुग्णाला शिरेतून देतात ते सोयाबीन तेलाचं तयार द्रावण मागवलं आणि ते पातळ करून वापरू लागलो. दुधासारखं दिसतं आणि दिवसभर फुटत नाही. पहिल्या रात्री पंचवीस ग्रॅमच्या एका उंदरानं ते आठ ग्रॅम संपवलं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. पाण्याच्या बाटलीला तोंडही लावलं नव्हतं. काटा बिघडला असं समजून मी तीनदा वजन केलं.

आता जिभेचं. गोड, आंबट, खारट, कडू आणि सुक्या मासळीच्या रश्शातली ती भरलेली चव, या पाचांसाठी जिभेवरच्या पेशींना वेगवेगळी कुलपं आहेत हे पुस्तकात शिकले होते. स्निग्ध पदार्थाचं काय? तेल जिभेला फक्त गुळगुळीत लागतं, त्याला स्वतःची चव नसते, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. २००५ साली फ्रान्समधल्या दिझाँ शहरातल्या फिलिप बेनार यांच्या गटानं दाखवलं की उंदराच्या जिभेवरच्या चवीच्या पेशींवर सीडी३६ नावाचं एक प्रथिन असतं, विशेषतः जिभेच्या मागच्या बाजूला, आणि ते मेदाम्लं पकडतं. तेलाचा घास तोंडात गेला की लाळेतलं एक विकर त्यातली थोडी मेदाम्लं मोकळी करतं आणि या प्रथिनाला खबर लागते. या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेले उंदीर त्यांनी दोन बाटल्यांपुढे ठेवले. ते दोन्ही बाटल्यांमधून सारखंच प्याले. साखर त्यांना पूर्वीसारखीच गोड लागत होती. फक्त स्निग्धाची ओढ गेली होती.

सरांनी हा निबंध मला वाचायला दिला तो संध्याकाळी. मी तो विरार लोकलमध्ये उभ्यानं वाचला. मनात आलं, आपल्या आयुर्वेदानं रस सहा मोजले, मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय. त्यांत स्निग्ध नाही. तो घातला आहे वीस गुणांमध्ये, रूक्षाच्या समोर. म्हणजे स्निग्ध ही चव की स्पर्श, हा वाद आपल्याकडच्या लोकांनीही केव्हातरी स्वतःशी घालून मिटवला असणार. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात रिचर्ड मॅट्स यांनी २०१५ मध्ये ही सहावी मूळ चव आहे असं मांडून तिला लॅटिन नाव दिलं. ही चव एकटी, शुद्ध मेदाम्लाची अशी दिली तर माणसाला ती नकोशी वाटते असंही त्यांनी म्हटलं. हे वाचून मला एकदम आईचं मसाल्याचं फडताळ आठवलं. जुनं खोबरं बोटानं मोडून, जिभेच्या टोकाला लावून ती म्हणायची, "खवट झालंय, टाक." खवट! जगाला ज्या चवीसाठी नवा शब्द घडवावा लागला, तिच्यासाठी आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात शब्द आहे आणि तो बिनचूक आहे. खोबरं किंवा शेंगदाणा खवट होतो तेव्हा त्यातली मेदाम्लं सुटी झालेली असतात.

बाबांचा भर मात्र वासावर होता. तवा त्यासाठीच. उंदराला लांबून बोलवायला वास लागतोच, त्यात शंका नाही. पण आवड वासावरच टिकून असते का? जपानमधल्या क्योतोच्या संशोधकांनी उंदरांची घ्राणशक्ती बंद करून पाहिली होती. वास येत नसतानाही ते उंदीर दोन बाटल्यांतून मक्याच्या तेलाचीच निवड करत होते. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग वासानं तो दारापर्यंत येतो. आत जातो तो चवीसाठी." मी हे वाक्य सरांना जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं. आठवडाभर ते तिथे होतं.

जनुकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि मला तीच सगळ्यात जवळची वाटते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रात २००० च्या सुमारास उंदरांच्या तेरा वाणांपुढे तीन वाट्या ठेवल्या होत्या. एकीत प्रामुख्यानं चरबी, एकीत पिष्टमय पदार्थ, एकीत प्रथिनं. घ्या हवं ते. बहुतेक वाणांनी चरबीची वाटी पसंत केली, पण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं होतं. आमचा काळा उंदीर चरबीकडे झुकला. कास्ट नावाचा वाण पिष्टमय वाटीकडे गेला. पुढे या दोन वाणांचा संकर करून नातवंडांची जनुकं तपासली, तेव्हा चरबीची ओढ एका ठिकाणी सापडली नाही. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या वेगवेगळ्या जागांनी ती थोडी-थोडी वाटून घेतली होती. कॅलरी किती खायच्या, त्या कशातून खायच्या, यांच्या जागाही सगळ्या एकच नव्हत्या.

हा कास्ट वाण ज्या उपजातीतला आहे ती आशियाई घरउंदराची. भारतीय उपखंडातला घरउंदीर याच कुळातला. म्हणजे आगाशीत आमच्या तांदळाच्या पिंपामागे राहणारा उंदीर हा प्रयोगशाळेतल्या त्या पिष्टप्रेमी उंदराचा चुलत भाऊ. तरी बाबांच्या खोबऱ्याला तो फसायचा! पण त्यात विसंगती नाही. तीन भरलेल्या वाट्यांमधून पोटभर निवडणं वेगळं आणि आयुष्यभर तांदूळ कुरतडल्यावर एका रात्री समोर भाजलेलं खोबरं येणं वेगळं. आवड मोजताना समोर दुसरं काय होतं हे लिहिलं नाही, तर त्या आकड्याला अर्थ नाही. ही गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती.

लठ्ठपणाच्या प्रयोगांसाठी बाहेरून येणारं खास खाद्य निळ्या रंगाचं असायचं. गोळ्यांमधल्या साठ टक्के कॅलरी चरबीच्या. रंग दिलेला असतो तो चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून. साधी पेलेट खडखडीत, दगडासारखी. ही निळी गोळी हाताच्या उबेनंच मऊ पडायची. एकदा मे महिन्यात फ्रीज बंद पडला आणि डब्यात निळसर लगदा झाला. तेव्हा बोटांना चिकटलेलं ते तूपकट खाद्य साबणानं दोनदा धुवावं लागलं. उंदरांच्या अंगावरही ते दिसायचं. या खाद्यावरचे उंदीर आठ-दहा आठवड्यांत हाताला वेगळे लागतात. जड, तेलकट केसांचे, उचलल्यावर पूर्वीसारखी धडपड न करणारे. साध्या खाद्यावरची त्यांचीच भावंडं शेजारच्या पिंजऱ्यात उड्या मारत असायची. दोघांची जनुकं तीच. फरक मी सकाळी कुठल्या पिंजऱ्यात कुठल्या रंगाची गोळी टाकली, एवढाच.

इथे मला दादाविषयी लिहायलाच हवं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. लहानपणापासून अंगानं भरलेला. तारलीच्या दिवसांत आई तव्यावर तारल्या टाकायची तेव्हा त्या स्वतःच्याच तेलात चुरचुरायच्या. मी वरचा कुरकुरीत भाग खायची. दादा तव्यात उरलेलं तेल भातावर ओतून घ्यायचा. मटणाच्या रश्शाची तर्री त्याच्या वाटीत, चरबीचा तुकडाही त्यालाच. मला तो तुकडा तोंडात धरवायचा नाही, मळमळायचं. त्यावरून घरात माझं कौतुक आणि त्याला बोलणी. "जिभेवर ताबा नाही", "खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी", हे त्यानं आजीकडून, काकांकडून, शाळेच्या मास्तरांकडून ऐकलं. मीही म्हटलं आहे. मी संयमी आणि तो हावरा, असं आम्ही दोघंही मानत मोठे झालो.

ॲनिमल हाऊसमध्ये काही वर्षं काढल्यावर मला या गोष्टीची लाज वाटायला लागली. मला जे नकोच होतं ते सोडण्यात माझा कसला संयम? लोकलच्या लेडीज डब्यात आमचा सात-आठ जणींचा ग्रुप होता. वसईला एक चढायची, ती उसळीवरचं तेल चमच्यानं काढून झाकणात ठेवायची. नालासोपाऱ्याची एक तेच झाकण मागून घ्यायची आणि पोळीला लावून खायची. दोघींच्या चेहऱ्यावर मला हावरेपणा किंवा शहाणपणा दिसायचा नाही. दोन वाण दिसायचे.

माणसांविषयीचेही काही पुरावे आहेत. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१२ मध्ये लठ्ठ माणसांच्या एका छोट्या गटाला तेलाचं द्रावण चाखायला देऊन त्यांचं सीडी३६ जनुक तपासलं. जनुकाचं एक रूप असणाऱ्यांना दुसरं रूप असणाऱ्यांपेक्षा आठपट कमी तेलही ओळखता येत होतं. केंब्रिजला सदफ फारुकी यांच्या गटानं २०१६ मध्ये केलेला प्रयोग तर आपल्या जेवणाचाच आहे. लोकांपुढे चिकन कोर्म्याचे तीन प्रकार ठेवले. दिसायला आणि चवीला सारखे, पण चरबीच्या कॅलरी वीस, चाळीस आणि साठ टक्के. ज्यांच्या एमसी४आर या जनुकात दोष होता त्यांनी साठ टक्क्यांचा कोर्मा सडपातळ लोकांच्या जवळजवळ दुप्पट खाल्ला. कोणता कुठला हे त्यांना सांगता येत नव्हतं, तरी शरीर बरोबर त्याच भांड्याकडे वळत होतं. याच माणसांना गोडाची ओढ मात्र इतरांपेक्षा कमी होती. चरबी आणि साखर हे मेंदूसाठी एकच मोह नाहीत.

दादाचं कुठलंही जनुक कोणी तपासलेलं नाही. एका जनुकावर सगळं ढकलून त्याला मोकळं करावं असंही मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की तवा पुढे आल्यावर त्याच्या आणि माझ्या जिभेला एकच गोष्ट लागत होती, असं मानायला कसलाही आधार नव्हता.

जुलै २०१८ मधला एक आठवडा मला जिभेच्याही पुढे घेऊन गेला. त्या आठवड्यात आम्ही पाणी काढून टाकलं होतं. एका बाटलीत तेलाचं द्रावण, दुसरीत कृत्रिम गोडी घातलेलं पाणी, ज्यात कॅलरी नाहीत. पहिल्या दिवशी उंदरांनी दोन्ही बाटल्या प्यायल्या, गोड कणभर जास्तच. दुसऱ्या दिवशी मी पोहोचूच शकले नाही. आमच्याकडे धो धो पाऊस झाला. नालासोपारा आणि वसईत रूळ पाण्याखाली गेले, विरारची लोकल बंद, वस्त्यांमध्ये कमरेएवढं पाणी, वीज नाही. आम्ही वरच्या खोलीत बसून होतो. माझा जीव बाटल्यांत अडकला होता. त्या बाटल्या रोज त्याच वेळी मोजल्या नाहीत, जागा बदलल्या नाहीत, तर सगळा आठवडा वाया. गोवंडीला राहणारे आमचे एक सहकारी, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते माझी खोली सांभाळत होते. शेजारच्यांच्या फोनला थोडी बॅटरी होती. मी फोन लावला आणि मामांनी वजनं वाचून दाखवली, मी मेणबत्तीच्या उजेडात ती कागदावर उतरवली. तिसऱ्या दिवशी वाचता वाचता ते थांबले. "गोड बाटली तशीच भरलेली आहे गं. आठही पिंजऱ्यांत. दुसरी रिकामी."

नळी तुंबली का, हे मी पहिलं विचारलं. ते म्हणाले, "दाबून पाहिली, थेंब येतोय."

उंदरांच्या जिभेत दोन रात्रींत काही बदललं नव्हतं. पोटानं शिकवलं होतं. ब्रुकलिन कॉलेजातले अँथनी स्क्लाफानी कितीतरी वर्षं हेच दाखवत आले होते. सीडी३६ नसलेले उंदीर चवीनं चरबी ओळखत नाहीत, पण चरबी आतड्यात पोहोचली की तिच्यासोबत दिलेला स्वाद त्यांना आवडू लागतो, हे त्यांच्या गटानं २००७ मध्येच छापलं होतं. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेनं त्या मार्गाचा नकाशा मांडला: आतड्यातल्या पेशींना चरबी लागते, व्हेगस नावाचा मज्जातंतू ती खबर मेंदूच्या देठापर्यंत नेतो आणि तिथून पुढे ओढ तयार होते. गोड, कडू, स्वाद काहीच नीट न कळणारे उंदीरही दोन-तीन दिवसांत चरबीच्याच बाटलीकडे वळतात. ती खबर नेणारा मार्ग बंद केला, तर वळत नाहीत. हा निबंध आला तेव्हा मी नोकरी सोडलेली होती. सरांनी तो फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मामांची तिसऱ्या दिवसाची वजनं."

नोकरीत असताना हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्थेत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या देखभालीचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं होतं. तिथे तारनाक्याच्या आवारात मी संस्थेचे प्रसिद्ध लठ्ठ घूसवजा उंदीर पाहिले. प्रयोगशाळेतला मोठा उंदीर, रॅट, त्याचा हा वाण संस्थेच्याच कळपात १९९६ मध्ये आपोआप झालेल्या बदलातून सापडला. कोणी चरबी खायला घालून फुगवलेला नव्हता. साध्या खाद्यावरच ते असे व्हायचे. एकाला उचललं तर दोन्ही हात लागले. शेजारीच त्याचा भाऊ, साधा, सडसडीत, त्याच पिंजऱ्यात, तेच खाद्य खाणारा.

याच संस्थेची सुरुवात कुन्नूरला झाली. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये तिथे एका खोलीत काम सुरू केलं. पुढे त्यांनी उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचं जेवण घातलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. गव्हाची पोळी, दूध, लोणी, भाज्या असलेल्या शीख जेवणावरचे उंदीर सगळ्यांत चांगले वाढले आणि सडीक तांदळावरचे मद्रासी जेवणवाले सगळ्यांत खुरटे राहिले. मराठा जेवणवाले वरच्या गटात होते. प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा वर्गातले आम्ही तिघं मराठी एकमेकांकडे पाहून हसलो. पण मला त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त भिडली. सगळ्या गटांतले उंदीर एकाच जातीचे होते. एकानंही आपलं ताट निवडलेलं नव्हतं.

प्रयोग संपला की उंदीरही संपतात, हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखालची केंद्राची समिती आहे, संस्थेची स्वतःची नीती समिती आहे. किती उंदीर, कशासाठी, कमीत कमी किती चालतील, हे आधी कागदावर सिद्ध करावं लागतं आणि ते योग्यच आहे. नियम कितीही पाळले तरी शेवटच्या दिवशी पिंजरे घेऊन त्या खोलीकडे जाताना माझे पाय जड व्हायचे. म्हणून आकड्यांत हलगर्जीपणा करणाऱ्यांचा मला फार राग येतो. लाल पेनानं खोडलेल्या त्या दोन आठवड्यांचे उंदीर माझ्या हातून फुकट गेले. ते मला कोणी परत देणार नाही.

दादाला चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीत दुखलं आणि अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं. वहिनीनं दुसऱ्या दिवसापासून त्याचं वेगळं पातेलं लावलं. बिनतेलाचं, फिकट, उकडल्यासारखं. बाकीच्यांचं जेवण पूर्वीसारखंच, तळलेलं, फोडणीचं, त्याच टेबलावर, त्याच्या पुढ्यात. आणि दादा आपलं जेवून झाल्यावर मुलाच्या ताटातला मासा उचलायचा. मग पुन्हा तेच, "जिवावर बेतलं तरी जीभ सुटत नाही." एका रविवारी मी माहेरी गेले होते. समोर ते दोन पातेल्यांचं टेबल पाहिलं आणि मला दोन बाटल्या दिसल्या.

मी आईला आणि वहिनीला सगळं सांगत बसले. निळी गोळी, मामांची तिसऱ्या दिवसाची वजनं, गोड बाटली भरलेली का राहिली ते. आई निवृत्त शिक्षिका आहे, तिला प्रश्न पडतात. ती म्हणाली, "म्हणजे उंदराचा दोष किती आणि बाटली लावणाऱ्याचा किती?" मी म्हटलं, "आई, अकरा वर्षं बाटली लावणारी मी होते." ती गप्प झाली. मग वहिनी म्हणाली, "घरात बाटली मीच लावते ना." तिच्यावर दोष टाकायचा माझा हेतू नव्हता आणि तसं मी तिला सांगितलं. घरातल्या सगळ्यांना आवडतं तेच ती करत होती.

चर्चा एवढीच झाली. पण नारळ, तेल, तळण यांचा हिशोब वहिनीनं हळूहळू बदलला, आणि सगळ्यांसाठी बदलला. तारल्या आता आंबट-तिखट कालवणात येतात, तळून फक्त सणाला, आणि त्या दिवशी दादाच्या ताटातही एक असते. मुलानं पहिले काही दिवस कुरकुर केली. तव्यातलं तेल भातावर घ्यायला दादा अजूनही वाकतो, पण तव्यात आता तेवढं तेल नसतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. आमच्या आगाशीच्या घरी कालवण एकाच पातेल्यात होतं.